एका साइटवरून दहा साइटांवर: खासगी ठेकेदारी कंपनी टप्प्याटप्प्यानं कशी वाढवावी

मजुरी वाटायचा दिवस आहे. तीन साइट जोरात चालू आहेत, चौथ्या कामाची वर्क ऑर्डर टेबलावर आहे, आणि बँकेच्या खात्यात मजुरीपुरतेही पैसे नाहीत. कागदावर हिशेब मांडला तर तिन्ही कामं नफ्यात दिसतात. असा दिवस मी एकाहून अधिक कंपन्यांच्या ऑफिसात बसून पाहिला आहे, आणि मालकाचा प्रश्न दरवेळी तोच असतो: काम तर भरपूर आहे, मग पैसा जातो कुठे?

पैसा अडकलेला असतो. थोडा न मोजलेल्या कामात, थोडा मंजूर न झालेल्या बिलात, थोडा रिटेन्शनमध्ये (दोषदुरुस्तीची हमी म्हणून ग्राहकानं बिलातून राखून ठेवलेली रक्कम) आणि थोडा पुढच्या साइटच्या पायाखोदाईत. ठेकेदारीत काम मिळवणं तुलनेनं सोपं आहे, कारण दर पाडला की काम मिळतं. मिळालेलं काम पेलणं अवघड. म्हणून या लेखात मी वारंवार दोन प्रश्नांकडे परत येणार आहे. पुढचं काम ओढायला खेळतं भांडवल आहे का? आणि ते चालवायला भरवशाचा साइट इनचार्ज मोकळा आहे का? या दोहोंत जे कमी असेल, तेवढीच तुमची कंपनी मोठी आहे.

हे लिहितोय ते एका विभागात काम करणाऱ्या, शेअर बाजारात नसलेल्या, घरच्यांच्या किंवा दोन-चार भागीदारांच्या मालकीच्या कंपनीसाठी. तिथे तोटा झाला तर मालकाची स्वतःची हमी आणि बऱ्याचदा राहतं घर पणाला लागलेलं असतं.

पायरी 1: आज आपण कुठे आहोत ते एका कागदावर आणा

वाढीचा विचार करण्याआधी प्रत्येक चालू कामासाठी एका ओळीत सहा आकडे लिहा: कराराची रक्कम, काम संपेपर्यंतचा अंदाजे एकूण खर्च, आजवर झालेला खर्च, आजवर लावलेली बिलं, हातात आलेले पैसे आणि रिटेन्शनमध्ये अडकलेली रक्कम.

समजा करार 100 चा आहे (लाख धरा वा कोटी), एकूण खर्चाचा अंदाज 92 आहे आणि आजवर 46 खर्च झाले. म्हणजे काम निम्मं झालं आणि 50 ची कमाई झाली. बिलं 60 ची लागली असतील तर 10 जास्त उचलले आहेत. हे 10 खात्यात दिसतात आणि मालकाला नफा वाटतात, पण ते ग्राहकाचं देणं आहे. ते काम आपल्याला पुढे करून द्यायचंय. याच पैशातून मशिनरीचं बयाणं दिलं की शेवटच्या चार महिन्यांत ते काम पैशावाचून रखडतं.

उलट बिलं 40 चीच लागली असतील तर दोनच कारणं असतात. एकतर मोजमाप आणि बिलिंग मागे पडलंय. मग आजच बिलिंग इंजिनियरला साइटवर पाठवा. नाहीतर खर्चाचा अंदाजच चुकलाय. साइटवर जाऊन पाहिलं आणि काम प्रत्यक्षात 40 टक्केच झालंय असं दिसलं, तर 46 खर्चून 40 टक्के या चालीनं पूर्ण काम 115 ला पडेल. करार 100 चा आहे, म्हणजे 15 चा तोटा समोर उभा आहे. हे निम्म्या कामावर कळलं तर काही करता येतं. शेवटच्या बिलाच्या वेळी कळलं तर फक्त भरता येतं.

खर्चाचा आकडा ऑफिसात असतो आणि झालेल्या कामाचा साइटवर. दोन्ही एकत्र आणणारा माणूस बहुतेक लहान कंपन्यांत नसतो. दर महिन्याला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी मालक, हिशेबनीस आणि सगळे साइट इनचार्ज हा कागद घेऊन बसू द्या. करार तोट्यात जाणार असं दिसलं की पूर्ण तोटा त्याच महिन्यात लिहा. हिशेबाची आंतरराष्ट्रीय मानकंही तोट्यातल्या कराराची तरतूद पुढे ढकलू देत नाहीत, आणि त्यामागे शहाणपण आहे: लपवलेला तोटा पुढच्या निविदेत चुकीचा दर होऊन उतरतो.

पायरी 2: कामाला नव्हे, पैशाच्या वेळेला मोजा

हा भाग सावकाश वाचा आणि स्वतःच्या एखाद्या कामाचे आकडे घालून कागदावर करून पाहा.

तोच 100 चा करार घेऊ. मुदत 10 महिने, दरमहा 10 चं काम. खर्च दरमहा 9.2. त्यातला निम्मा, म्हणजे 4.6, मजुरी, डिझेल, भाडं आणि पगार यांवर त्याच महिन्यात जातो. उरलेला 4.6 मालाचा, त्याला पुरवठादार एक महिन्याची उधारी देतो. बिल महिनाअखेरीस लागतं, पैसे त्यानंतर दोन महिन्यांनी येतात, आणि प्रत्येक बिलातून 5 टक्के रिटेन्शन कापलं जातं.

पहिल्या महिन्यात खिशातून 4.6 जातात. दुसऱ्यात 9.2. तिसऱ्यात आणखी 9.2. पहिल्या बिलाचे 9.5 हातात पडण्याआधी तुम्ही 23 घालून बसलेले असता. त्यानंतर दर महिन्याला 9.2 जातात आणि 9.5 येतात, म्हणजे खड्डा महिन्याला जेमतेम 0.3 नं भरतो. बाराव्या महिन्यात शेवटचं बिल येतं तेव्हा हातात नफा म्हणून उरतात 3. बाकीचे 5 रिटेन्शनमध्ये, दोषदायित्वाचा काळ (काम संपल्यावर दोष आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत. 8 टक्के नफ्याच्या कामावर काम संपल्यावर हातात 3, हे ज्यानं कधी मांडून पाहिलेलं नसतं त्याला ते खोटं वाटतं.

आता पहिलंच बिल एक महिना लांबलं असं धरा. खड्डा 23 चा 32 होतो. एकाच बिलाला एकच महिना उशीर, आणि लागणारं भांडवल दीडपटीच्या जवळ गेलं.

यावरून आपली ताकद, म्हणजे आपलं खेळतं भांडवल किती काम ओढेल ते, काढता येते. येत्या वर्षात हातात येणारं सगळं वसूलयोग्य येणं, रोख आणि माल यांतून वर्षभरातली सगळी देणी वजा करा. वर्षानुवर्षं वादात अडकलेलं येणं त्यात धरू नका. उत्तर 40 आलं आणि उशिराची सोय ठेवून 100 च्या कामाला 32 लागतात असं धरलं, तर अशा प्रकारची 125 ची कामं तुम्ही एका वेळी ओढू शकता. 300 ची नाही, कितीही चांगली असली तरी. 125 च्या कामावर 8 टक्क्यांनी 10 मिळाले तर 40 चे 50 होतात आणि पुढच्या फेरीत साधारण 156 ची कामं झेपतात. म्हणजे सगळा नफा कंपनीतच ठेवला तरी एका फेरीत वाढ पाव हिस्सा. कर आणि मालकाची उचल वजा जाता त्याहूनही कमी. एका वर्षात दुप्पट झालेली ठेकेदारी कंपनी पाहिली की मी पहिल्यांदा विचारतो, मधला पैसा कोणाचा आहे? बहुतेक वेळा तो पुरवठादारांचा आणि सबकॉन्ट्रॅक्टरांचा असतो, त्यांना न विचारता वापरलेला.

याचं मोठ्या प्रमाणावरचं चित्र ब्रिटनमध्ये दिसलं. कॅरिलियन ही तिथली बलाढ्य ठेकेदारी कंपनी 15 जानेवारी 2018 रोजी बुडाली, तेव्हा तिच्यावर जवळपास 7 अब्ज पौंडांची देणी होती आणि हातात रोख फक्त 2 कोटी 90 लाख पौंड. पुरवठादारांना 120 दिवसांपर्यंत थांबवणं हा तिचा नेहमीचा व्यवहार झाला होता. ती शेअर बाजारातली कंपनी होती आणि आकारानं तुमच्याआमच्या कल्पनेपलीकडची, पण रोग ओळखीचा आहे.

खड्डा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं खोल होतो, म्हणून दोन कामं एकाच महिन्यात सुरू करू नका. तीन महिन्यांचं अंतर मिळालं तर उत्तम. प्रत्येक साइटचं खातं वेगळं ठेवा. एका कामाचा, सुरुवातीच्या जुळवाजुळवीसाठी ग्राहकाकडून मिळालेला मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स दुसऱ्या कामाच्या मजुरीला वापरायची सवय लागली की कुठलं काम कोणाला पोसतंय हे मालकालाही कळेनासं होतं. आणि बिलाचा महिना 30 तारखेला संपतो असं समजू नका. 25 तारखेला मोजमाप, 28 ला बिल तयार, 1 तारखेला ग्राहकाच्या टेबलावर आणि पोच सही घेतलेली. हा पाच-सात दिवसांचा फरक कुठल्याही कर्जापेक्षा स्वस्त भांडवल आहे.

पायरी 3: दर स्वतःच्या हजेरीवरून काढा

लहान ठेकेदार दर दुसऱ्याच्या दरावरून काढतो. शेजारच्या कामाला अमुक दर गेला, मग आपण थोडा खाली जाऊ. कंपनी वाढवायची तर हे सोडावं लागतं, कारण मोठ्या कामात दराची चूक मोठ्या संख्येनं गुणली जाते.

दर विश्लेषणात माल, मजुरी, यंत्र, साइटचा खर्च, ऑफिसचा खर्च, जोखीम आणि नफा हे सगळे वेगळे दिसले पाहिजेत. मालाचा आकडा सोपा वाटतो, पण गळती तिथेच असते. सळईचं वजन सगळ्यांना पाठ असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिमीच्या सळईला मीटरमागे सुमारे 0.89 किलो. पण लॅप (दोन सळयांच्या जोडावरची एकावर एक येणारी लांबी), चेअर (वरची सळई उचलून धरणारे सळईचे आधार) आणि कापून उरलेले तुकडे यांचे पैसे करारात मिळतात की नाही, हे मोजमापाच्या कलमात लिहिलेलं असतं. ते कलम न वाचता भरलेला सळईचा दर म्हणजे अंदाज.

मजुरीसाठी पुस्तकातले आकडे सुरुवातीला ठीक आहेत. पण तुमची टोळी दिवसाला किती चौरस मीटर शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावते, किती घनमीटर बांधकाम उचलते, हे तुमच्या हजेरी पुस्तकातच आहे. रोज संध्याकाळी हजेरीशेजारी झालेलं काम लिहायला लावा. सहा महिन्यांत तुमच्याकडे असे दर तयार होतील जे बाहेर कुठे विकत मिळत नाहीत.

एक चूक फार वेळा होते. खर्चावर 20 टक्के चढवले की 20 टक्के नफा मिळतो असं समजतात. 100 च्या खर्चावर 20 चढवले तर विक्री 120, आणि 120 वर 20 म्हणजे 16.7 टक्के. विक्रीवर 20 टक्के हवे असतील तर खर्चावर 25 चढवावे लागतात. ऑफिसचा खर्चही असाच फसवतो: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीवर तो वाटलेला असतो आणि उलाढाल कमी झाली की दरातला त्याचा वाटा अपुरा पडतो.

निविदा उघडल्यावर, काम मिळो न मिळो, पहिल्या आणि दुसऱ्या दरातलं अंतर वहीत लिहा. तुम्ही वारंवार दुसऱ्यापेक्षा खूप खाली येत असाल तर काहीतरी सुटतंय.

पायरी 4: कोणतं काम नको ते आधी ठरवा

नव्या कामात चार गोष्टी बदलू शकतात: आकार, प्रकार, जागा आणि ग्राहक. माझं मत ठाम आहे, एका वेळी एकच बदला. ओळखीच्या ग्राहकाचं, ओळखीच्या भागातलं, नेहमीच्या प्रकारचं, पण दीडपट मोठं काम घ्या. किंवा नेहमीच्या आकाराचं काम नव्या गावात करा. इमारती बांधणाऱ्या कंपनीनं पहिल्यांदाच पूल, तोही दूरच्या जिल्ह्यात, तोही नेहमीच्या तिप्पट रकमेचा आणि अनोळखी ग्राहकाचा घेतला, तर तिथे आजवरचा अनुभव फारसा कामाला येत नाही.

तिप्पट कामाचं गणित पाहा. 300 च्या कामात 10 टक्के तोटा म्हणजे 30. 100 च्या नेहमीच्या कामात 8 मिळतात. एका चुकीच्या कामानं जवळपास चार चांगली कामं खाल्ली. खासगी कंपनीलाही हे चुकत नाही: ब्रिटनची आयएसजी, खासगी मालकीची मोठी बांधकाम कंपनी, सप्टेंबर 2024 मध्ये कोसळली, आणि 2018 ते 2020 या काळात घेतलेली मोठी तोट्यातली कंत्राटं हे कारण कंपनीच्याच प्रमुखांनी सांगितलं होतं. घेतलेलं काम आणि बुडालेली कंपनी यांच्यामध्ये चार-सहा वर्षं गेली. वाईट कामाचं बिल उशिरा येतं.

विभागात राहण्याचा फायदा ओळखा. इथला पुरवठादार तुम्हाला उधारी देतो, मुकादम फोनवर टोळी पाठवतो, कुठे खोदलं की पाणी लागतं आणि कुठे खडक हे तुमच्या फोरमनला माहीत असतं. शंभर-दोनशे किलोमीटर पलीकडे गेलं की हे सगळं शून्यापासून. तिकडे जायचं तर आधी एखाद्या लहान कामानं जा, आणि ते काम नफ्यासाठी नव्हे, ओळखीसाठी आहे असं धरूनच दर भरा.

ग्राहकाची चौकशी त्याच्याकडे आधी काम केलेल्या ठेकेदाराकडे करा. एकच प्रश्न पुरे: शेवटचं बिल किती दिवसांत मिळालं?

पायरी 5: तोंडी सांगितलेलं सगळं त्याच दिवशी कागदावर

एका कामात ग्राहकाच्या इंजिनियरनं साइटवर उभं राहून आतली एक भिंत सरकवायला सांगितली, मग जिन्याचा चौक बदलला, मग टाकीची खोली वाढवली. सगळं तोंडी, सगळं घाईत, आणि संबंध चांगले म्हणून कोणी लिहून मागितलं नाही. वर्षअखेरीस त्या इंजिनियरची बदली झाली. नव्या इंजिनियरनं फाइल उघडली, त्यात एकही कागद नव्हता. वाढीव कामाचं बिल परत आलं. आम्ही ते सोडून दिलं, दुसरा मार्गच नव्हता. तेव्हापासून मी साइट इनचार्ज नेमताना त्याचं अक्षरही बघतो.

फिडिक या 1913 साली स्थापन झालेल्या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नमुना करार जगभर वापरले जातात. त्यांच्या 1999 च्या आवृत्तीत दाव्याची सूचना घटना कळल्यापासून 28 दिवसांत द्यावी लागते, नाहीतर वाढीव मुदतीचा आणि पैशाचा हक्क जातो. 2017 च्या आवृत्तीतही 28 दिवसच. तुमच्या करारातली मुदत वेगळी असेल, पण ती असतेच. करार हातात आला की ते कलम शोधा आणि मुदत साइट ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

पत्र मोठं नको. एवढं पुरतं: "आज सकाळी आपल्या प्रतिनिधींनी साइटवर दिलेल्या सूचनेनुसार दुसऱ्या मजल्यावरील भिंत नकाशातील जागेवरून 600 मिमी पूर्वेस घेत आहोत. हे काम कराराबाहेरचे असल्याने त्याचा दर व लागणारी वाढीव मुदत सोबत कळवत आहोत. कृपया पोच द्यावी." दोन प्रतींचं साइट सूचना पुस्तक प्रत्येक साइटवर हवं. काही जणांना वाटतं की पत्र लिहिलं की संबंध बिघडतात. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्या दिवसापासून नेमानं आणि नम्रपणे लिहिलं तर ग्राहकालाही सोय वाटते, कारण त्यालाही वर उत्तर द्यायचं असतं. संबंध बिघडतात ते वर्षभर गप्प बसून शेवटी एकदम दावा ठोकल्यानं.

विलंबाचा दंड, भाववाढीचं कलम, वाद सोडवायची पद्धत आणि पैसे देण्याचे दिवस ही चार कलमं निविदा भरण्याआधी वाचायची. काम मिळाल्यावर वाचून उपयोग नाही.

पायरी 6: मालकाची जागा घेणारी माणसं घडवा

पहिल्या दोन-तीन साइट मालक स्वतःच्या डोळ्यांनी चालवतो. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. सळई बांधताना अंतर चुकलं तर त्याला गाडीतून उतरतानाच दिसतं. चौथ्या-पाचव्या साइटला हे बंद पडतं. तिथून पुढे कंपनी मालकाच्या डोळ्यांवर चालत नाही आणि अजून पद्धतींवरही चालत नसते. ठेकेदारीतल्या वाढीचा हा सर्वांत धोक्याचा पट्टा आहे, आणि त्यातून लवकर बाहेर पडायचं तर तीन कामं तीन माणसांकडे द्यावी लागतात: काम मिळवणं, काम करणं आणि हिशेब ठेवणं. मालकानं यातलं एक स्वतःकडे ठेवावं, जे त्याला सर्वांत चांगलं येतं ते. तिन्ही स्वतःकडे ठेवणारा मालक रात्री निविदा भरतो, आणि चुकतो.

साइट इनचार्ज बाहेरून आणता येतो, पण भरवसा आतच तयार होतो. मी ज्या पद्धतीवर विश्वास ठेवतो ती अशी: चांगला सुपरवायझर हेरा, त्याला एक पूर्ण काम अनुभवी इनचार्जच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, मग लहान काम स्वतंत्र द्या आणि त्याचं अंदाजपत्रक त्याच्या हातात द्या. पुष्कळ मालक साइटवरच्या माणसाला दर आणि नफा कळू देत नाहीत. मग त्यानं खर्च वाचवायचा कशाच्या आधारावर? किती घनमीटर काँक्रीट धरलंय, किती दिवसांची मजुरी धरलीय हे त्याला माहीत असेल तर तो पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगेल की शटरिंगला जास्त माणसं लागतायत.

बक्षीस द्यायचं तर फक्त वेळेवर देऊ नका. वेळ, खर्च, दर्जा आणि सुरक्षितता चारही जमले तरच द्या. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे बांधकामावरच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण उंचीवरून पडणं हे आहे. फक्त वेळेवर बक्षीस ठेवलं की रेलिंग आणि सेफ्टी बेल्ट पहिल्यांदा मागे पडतात. माणूस गेला तर त्याच्या घरचं जे जातं ते कुठल्याच हिशेबात मांडता येत नाही.

आणि एक आकडा नेहमी डोक्यात ठेवा: आज माझ्याकडे असे किती इनचार्ज आहेत, ज्यांच्या साइटवर मी पंधरा दिवस गेलो नाही तरी मला झोप लागते? उत्तर तीन असेल तर चौथं काम थांबू द्या.

पायरी 7: साइटचा आठवडा

200 चौरस मीटरचा, 150 मिमी जाडीचा स्लॅब आहे. काँक्रीट 30 घनमीटर, म्हणजे 6 घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या पाच फेऱ्या. पाचवी गाडी रिकामी झाली तरी एक कोपरा उघडा आहे आणि सहावी मागवावी लागते. काय झालं? शटरिंग सरासरी 10 मिमी खाली लागलं होतं आणि वरची पातळी जागच्या जागीच राहिली. 10 मिमी म्हणजे 2 घनमीटर, जवळपास 7 टक्के जास्त काँक्रीट. ग्राहक पैसे देणार नकाशातल्या 150 चे. स्लॅब वजनदार झाला, पैसे गेले, आणि सहावी गाडी येईपर्यंत पंप आणि माणसं ताटकळली. काँक्रीट टाकायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून शटरिंगची पातळी तपासली असती तर हे टळलं असतं. इनचार्जनं सही करायची तपासयादी हवी ती याच अर्ध्या तासासाठी.

नियोजनाचा मोठा तक्ता सगळेच करतात. क्रिटिकल पाथ पद्धत (ज्या कामांना उशीर झाला की सगळ्या प्रकल्पाला उशीर होतो, ती साखळी शोधण्याची) 1957 च्या सुमारास ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत आकाराला आली आणि आज ती नियोजनाच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण साइट आठवड्यावर चालते. 1990 च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी मोजून दाखवलं की आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच कामं त्या आठवड्यात पूर्ण होत होती. त्यांचा उपाय साधा आहे. ज्या कामाला लागणारा माल, माणसं, नकाशा आणि आधीचं काम तयार आहे, तेवढंच पुढच्या आठवड्यात धरायचं. आठवडा संपला की ठरवलेली किती झाली ते मोजायचं, आणि जी झाली नाहीत त्यांचं कारण लिहायचं. चार आठवड्यांनी कारणांकडे बघा. "नकाशा आला नाही" चार वेळा दिसलं की पाचव्या पायरीतलं पत्र कुणाला लिहायचं ते कळतं.

पायरी 8: यंत्रं आणि सबकॉन्ट्रॅक्टर

यंत्र विकत घ्यायची हौस आवरा. घसारा, व्याज, विमा, ऑपरेटरचा पगार, दुरुस्ती हे सगळं वर्षाच्या प्रत्यक्ष चालणाऱ्या तासांनी भागा आणि तो दर भाड्याच्या दराशी ताडून पाहा. जे वर्षभर जवळजवळ रोज लागतं ते घ्या, बाकी भाड्यानं. शटरिंगचं साहित्य याला अपवाद ठरू शकतं, कारण स्लॅबचा वेग शटरिंगच्या संचांवर ठरतो.

सबकॉन्ट्रॅक्टरला वेळेवर पैसे द्या. मंदीत टोळी टिकते ती यानंच, आणि तेजीत तुमच्या साइटवर माणसं आधी येतात तीही यानंच.

पायरी 9: बँकेकडे गरज पडण्याआधी जा

बयाणा, कामगिरीची हमी, अ‍ॅडव्हान्सची हमी, प्रत्येक मोठ्या कामाला बँक गॅरंटी लागते, आणि तिच्यासाठी मार्जिन म्हणून ठेवलेली ठेव खेळत्या भांडवलातून बाहेर जाते. दुसऱ्या पायरीतल्या 40 मधून ती वजा करायला विसरू नका. संपलेल्या कामांच्या गॅरंट्या परत आणायचं काम एका माणसाला नेमून द्या. कपाटात दोन-दोन वर्षं पडून राहिलेल्या गॅरंट्या मी सोडवून आणलेल्या आहेत आणि त्यावर पुढचं काम उभं राहिलंय.

बँकेला दर तिमाहीला पहिल्या पायरीतला कागद स्वतःहून पाठवा, वाईट तिमाहीतसुद्धा. मर्यादा वाढवून मागायची वेळ येते तेव्हा तुमचे आकडे त्यांच्या ओळखीचे असतात. यंत्रासाठी मुदतीचं कर्ज आणि बिलांसाठी कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलता येणारं फिरतं कर्ज), यांची अदलाबदल करू नका. कॅश क्रेडिटमधून एक्स्कॅव्हेटर घेतलेली कंपनी पहिल्या उशिरा आलेल्या बिलाला अडते.

पायरी 10: मालकी कोणाकडे जाणार

खासगी कंपनीत हा विषय घरात काढायला कोणी धजत नाही, आणि तो शेवटी दवाखान्यात किंवा कोर्टात निघतो. 1898 मध्ये सुरू झालेली बेक्टेल आजही कुटुंबाच्या मालकीची आहे. 1884 मध्ये ओमाहात दोन भावांनी गवंडीकामापासून सुरू केलेली कीविट दुसऱ्या वाटेनं गेली: तिचे शेअर कर्मचाऱ्यांकडे असतात आणि नोकरी सोडताना ते कंपनीलाच परत विकावे लागतात. दोन्ही कंपन्या शतकाहून जास्त टिकल्या, दोन्ही खासगी राहिल्या. वाट कोणतीही असो, ती लिहिलेली हवी.

भागीदार असतील तर आजच करार करा: कोणी निवृत्त झाला, आजारी पडला किंवा गेला तर त्याचा हिस्सा कोण घेणार, किंमत कशी ठरणार, पैसे किती वर्षांत देणार, आणि बँकेला दिलेल्या वैयक्तिक हमीतून त्याच्या घरच्यांना कसं मोकळं करणार. दोषदायित्वाच्या काळातली जुनी कामं कोणाच्या अंगावर राहतील तेही त्यात लिहा, कारण रिटेन्शनचे पैसे आणि दुरुस्तीचा खर्च दोन्ही मागाहून येतात. किंमत ठरवताना चालू कामांचा अंदाजे नफा धरू नका. संपलेली आणि वसूल झालेली कामंच धरा. आणि पुढची पिढी कंपनीत येणार असेल तर तिला केबिन देण्याआधी एक पूर्ण काम, पहिल्या मार्किंगपासून शेवटच्या बिलाच्या पोचपावतीपर्यंत, एखाद्या जुन्या इनचार्जच्या हाताखाली करू द्या.